पहिला कोळी कोणता?

गेल्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. ताईचा इंग्लंडहून फोन आला. ती रेडिंगला असते. नेहमीचं बोलून झाल्यावर म्हणाली, "जरा तुझ्या भाच्याशी बोल. त्याला वाढदिवसाला कोळी हवाय."

मला आधी कळेचना. कोळी म्हणजे कोपऱ्यात जाळं लावून बसतो तो? त्याला तर आपण दिवाळीच्या आधी काठीला झाडू बांधून हाकलतो! पण भाच्याला (वय वर्षे १५) टॅरंटुला हवा होता. पंजाएवढा, केसाळ. आणि त्यातही निळाच. "मामा, इट्स फ्रॉम इंडिया! आपला आहे तो!" हा त्याचा बिनतोड मुद्दा. दुकानदारानं मात्र त्याला सांगितलं होतं की निळा तुझ्यासाठी नाही, तू आधी बिगिनर स्पीशीज घे. भाच्याला तो अपमान वाटला होता. आणि ताईचं म्हणणं एवढंच की तू इंजिनियर आहेस, नीट वाच आणि सांग, हो म्हणू की नको.

(इंजिनियर असण्याचा आणि कोळ्यांचा संबंध काय, हे ताईला विचारायची माझी हिंमत नाही. तिच्या मते वॉशिंग मशीनपासून शेअरबाजारापर्यंत सगळं माझ्याच खात्यात येतं.)

मग दोन वीकएंड वाचत बसलो. वाचता वाचता त्या "बिगिनर स्पीशीज" शब्दापाशी अडकलो. जगात टॅरंटुलाच्या हजाराहून अधिक जाती आहेत. त्यातल्या पाच-सहा जातींवर "नवशिक्यांसाठी" अशी चिठ्ठी लागलेली असते, आणि ती सगळीकडे तीच. आमच्या धंद्यात ह्याला डिफॉल्ट म्हणतात. नव्या माणसाला काही ठरवता येत नाही, म्हणून कुणीतरी आधीच त्याच्यासाठी ठरवून ठेवलेलं असतं. पण कुठलाही जुना डिफॉल्ट उकरून बघा, खाली कुणाची तरी कधीची तरी सोय सापडते. सोय करणारा निघून जातो, डिफॉल्ट राहतो. तर ह्या डिफॉल्टच्या खाली काय आहे, ते आज लिहितोय.

सुरुवात नावापासूनच गोंधळाची आहे. इटलीच्या दक्षिणेला तारांतो नावाचं शहर आहे. तिथल्या एका कोळ्याच्या चाव्यानं माणूस वेडापिसा होतो आणि तासन् तास नाचला तरच बरा होतो, अशी तिथे समजूत होती. त्या शहरावरून तो कोळी टॅरंटुला आणि त्या नाचाचं नाव टॅरंटेला. प्रत्यक्षात तो बिचारा लांडगा कोळ्यांच्या कुळातला, आणि त्याचं विषही सौम्य. पण युरोपियन लोक अमेरिकेत पोचले, तिथे त्यांना त्याहून कितीतरी मोठे केसाळ कोळी दिसले आणि त्यांनी ओळखीचं नाव त्यांना चिकटवून टाकलं. मूळ टॅरंटुला आज टॅरंटुला म्हणून विकला जात नाही. म्हणजे नावापासूनच उसनवारी.

युरोपला ह्या मोठ्या कोळ्यांचं खरं दर्शन घडवलं ते मारिया सिबिला मेरियन ह्या चित्रकार बाईनं. १६९९ साली, वयाच्या पन्नाशीत, ती मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिथल्या किड्यांची चित्रं असलेलं तिचं पुस्तक १७०५ साली ॲमस्टरडॅमला छापलं गेलं. त्यातल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर एक मोठा कोळी चक्क हमिंगबर्ड खाताना दाखवलाय. त्या चित्रावरून ह्या कोळ्यांना "पक्षी खाणारे" हे नाव पडलं आणि १७५८ साली लिनियसनं शास्त्रीय नावातही पक्षी घातला. पुढे एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांनी ही बाईची थाप आहे असं ठरवून टाकलं.

तिच्या बाजूनं साक्ष दिली हेन्री वॉल्टर बेट्सनं. हा गडी ॲमेझॉनच्या जंगलात ११ वर्षं राहिला आणि १८६३ साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. झाडाच्या खोडावरच्या जाळ्यात दोन छोटे पक्षी आणि त्यातल्या एकावर बसलेला कोळी त्यानं स्वतः पाहिला. पण माझं लक्ष वेधलं ते त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या दोन गोष्टींनी. एक, त्याच्यासाठी प्राणी गोळा करणाऱ्या तिथल्या एका स्थानिक कुटुंबातली मुलं असाच एक कोळी कमरेला दोरा बांधून, कुत्रा फिरवावा तसा घरभर फिरवत होती! टॅरंटुला "पाळल्याची" माझ्या वाचनात आलेली ही सर्वांत जुनी नोंद. दुसरी गोष्ट, बेट्सनं पहिला कोळी मारून साफ करताना काळजी घेतली नाही आणि त्याचे केस अंगाला लागून पुढचे तीन दिवस तो तळमळत होता.

मुलं खेळत होती आणि शास्त्रज्ञ तळमळत होता. अनुभव कशाला म्हणतात हे इथेच कळतं. :)

ह्या केसांविषयी थोडं सांगतो, कारण पुढचं बरंचसं त्यावरच आहे. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर बारीक काटेरी केस असतात. कुणी त्रास दिला की कोळी मागच्या पायांनी ते झटकतो. खाजकुयलीसारखा प्रकार. आशिया आणि आफ्रिकेतल्या टॅरंटुलांकडे हे हत्यार नाही. त्यांच्याकडे असतो वेग, आणि तो पुरला नाही की दात. म्हणजे अमेरिकेतला कोळी वैतागला तर तुम्हाला खाज सुटते, आपल्याकडचा वैतागला तर तो चावतो. (आता ह्यावरून राष्ट्रीय स्वभावाविषयी विनोद करायचा मोह मी आवरतोय.)

हे चावणं किती वाईट, हे मोजायचं काम केलं अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठाच्या विल्यम बेर्ग ह्या प्राध्यापकानं. १९२०च्या दशकात त्यानं वेगवेगळे कोळी स्वतःलाच चाववून घेतले. विषारी ब्लॅक विडो चावल्यावर त्याला दवाखान्यात पडून राहावं लागलं. त्याच्या भागातल्या टॅरंटुलाचा चावा मात्र टाचणी टोचल्याइतकाच निघाला. बेर्गनं आयुष्यभर टॅरंटुला सांभाळले आणि १९५८ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यात चाव्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट आहे वयाची. हे कोळी वयात यायलाच दहा-दहा वर्षं घेतात. नर वयात आला की फार तर वर्ष-दोन वर्षं जगतो. मादी मात्र वीस वर्षांच्याही पुढे जाते.

हे आकडे लक्षात ठेवा. बाजारानं ते लक्षात ठेवले नाहीत.

१९७०च्या दशकात अमेरिकेत टॅरंटुला पाळायची लाट आली. त्या लाटेचा हिरो होता मेक्सिकोचा रेड नी, म्हणजे काळ्याभोर पायांच्या गुडघ्यांवर केशरी पट्टे असलेला कोळी. आदर्श नवशिक्याचा कोळी असं ज्याला म्हणतात तो हाच. दिसायला भव्य, चालायला संथ, चावायच्या आधी दहा वेळा विचार करणारा. कोरड्या मातीत राहतो, आठवड्याला दोन-तीन किडे खातो आणि विसरलात तर महिनाभर उपाशी राहूनही कुरकुर करत नाही. सिनेमावाल्यांनाही तो आवडला, कारण पडद्यावर भयंकर दिसतो आणि नटाच्या अंगावर सोडला तरी सहसा काही करत नाही. १९७७च्या "किंगडम ऑफ द स्पायडर्स"साठी सुमारे ५,००० जिवंत टॅरंटुला विकत घेतले गेले होते. १९८१च्या पहिल्या इंडियाना जोन्स चित्रपटात गुहेत त्या वाटाड्याच्या पाठीवर चढलेले कोळी आठवतायत? ते हेच.

आता प्रश्न असा, की हे हजारो कोळी येत कुठून होते? तर मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या टेकड्यांतून. बिळं उकरून. एक मोठी, देखणी मादी दुकानात पोचायची तेव्हा तिला वाढायला सात-आठ किंवा जास्तच वर्षं लागलेली असायची. ती एका वेळी काही शे पिल्लं देते, पण जंगलात त्यातली मोजकीच मोठी होतात. म्हणजे बिळातून मोठी मादी काढली की तिची जागा भरायला जवळजवळ दशक लागतं, आणि गाडी तर दर हंगामात यायची. पहिल्यांदा पाळणाऱ्याला मोठा, तयार कोळी हवा असतो (नखाएवढं पिल्लू कुणाला दाखवणार?), आणि पहिल्यांदा पाळणारेच संख्येनं सर्वांत जास्त. त्यामुळे "नवशिक्यांसाठी उत्तम" ह्या शिफारशीचा सगळा भार एकाच जातीच्या थोरल्या माद्यांवर पडला.

१९८५ साली रेड नी साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. साइट्स म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार. दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. दहा वर्षांनी, १९९५ पासून, त्याच्या सगळ्या भाऊबंदांना म्हणजे ब्रॅकीपेल्मा ह्या अख्ख्या प्रजातीलाच ते संरक्षण मिळालं.

मग बाजार थांबला का? छे! डिफॉल्ट बदलला. चिलीमधला चिलियन रोझ नावाचा गुलाबी-तपकिरी कोळी पुढे आला. तोही संथ, तोही कोरड्या प्रदेशातला, आणि कुठल्याही परिशिष्टात नाही. १९९०च्या दशकात तो जहाजाजहाजानं आला, इतका स्वस्त की भेट म्हणून द्यावा. त्या काळात टॅरंटुला पाळायला लागलेल्या बहुतेकांचा पहिला कोळी हाच. "हा नवशिक्यांसाठी सर्वांत योग्य" असं तेव्हा सांगायचे. त्यात कोळ्याचा स्वभाव किती आणि चिलीतल्या उकरणाऱ्यांची मेहनत किती, हे कुणी वेगळं काढून पाहिलं नाही.

आणि योग्य म्हणजे निरुपद्रवी असंही नव्हे बरं का. इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी "लॅन्सेट" ह्या वैद्यकीय साप्ताहिकात एक केस छापलीय. २००९ साली २९ वर्षांचा एक माणूस लालभडक डोळा घेऊन आला. तीन आठवडे झाले, अँटिबायोटिकनं फरक नाही. भिंगातून पाहिलं तर बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात बारीक केस रुतलेले! मग त्याला आठवलं. चिलियन रोझची काचपेटी साफ करताना एक डाग निघत नव्हता म्हणून तो घासत बसला होता, आणि मागून कोळ्यानं तोंडावर केसांचा फवारा मारला होता. हा सर्वांत "सोपा" कोळी. ताईला हे सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती.

आता येऊ भाच्याच्या निळ्या कोळ्याकडे. हा खरोखरच "आपला". त्याचं शास्त्रीय नाव पिसिलोथेरिया मेटॅलिका. पिसिलोथेरिया म्हणजे ग्रीकमध्ये चित्रविचित्र ठिपक्यांचं श्वापद. ही प्रजाती फक्त भारत आणि श्रीलंकेत सापडते. झाडांच्या ढोल्यांत राहते, अंगानं चपटी, आणि वेग असा की दिसतो तोवर दुसरीकडे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या रेजिनाल्ड पोकॉकनं १८९९ साली ह्या निळ्या कोळ्याचं वर्णन केलं, तेही एकाच मादीवरून. ती सापडली होती आजच्या आंध्र प्रदेशातल्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत. गुत्ती म्हटल्यावर कान टवकारले ना? मुरारराव घोरपड्यांची गुत्ती ती हीच. मुंबई-चेन्नई लाइनवर आहे. मी स्वतः कितीदा झोपेत ती ओलांडलीय.

ती मादी बहुधा लाकडांबरोबर दुसरीकडूनच आली असणार, कारण नंतर शंभरेक वर्षं हा कोळी कुणाला दिसला नाही. २००१ साली तो पुन्हा सापडला, गुत्तीपासून सुमारे १०० किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. पसारा किती? १०० चौरस किलोमीटरहूनही कमी, आणि त्यातही झाडतोड चालूच. २००८ साली आययूसीएननं त्याला "अतिसंकटग्रस्त" ठरवलं. तोवर युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांकडे त्याची पिल्लं पोचलीसुद्धा होती. म्हणजे जंगलात वाघापेक्षा दुर्मीळ, आणि रेडिंगच्या शाळकरी मुलाच्या विशलिस्टमध्ये!

आता न्यायानं दुसरी बाजूही सांगतो. तिकडे आज जे निळे कोळी विकले जातात ते बहुतेक काचपेटीतच जन्मलेले असतात. एका अंडीकोशातून शंभरावर पिल्लं येऊ शकतात, आणि पिढ्यान् पिढ्या ती तिथेच वाढतायत. रेड नीचंही तेच झालं. परवान्याची अट आल्यावर जर्मनी, ब्रिटन, अमेरिकेतल्या शौकिनांनी त्याची पैदास शिकून घेतली आणि आज तो पुन्हा नवशिक्यांच्या यादीत आहे, पण ह्या वेळी बिळ न उकरता. कायद्यानं दार लावलं तेव्हा कुठे लोक पैदास शिकले, असं इतिहास सांगतो. चोरटा धंदा मात्र पूर्ण संपला नाही. २०१० साली लॉस एंजेलिसमध्ये एका जर्मन माणसाला पकडलं. तो टपालानं शेकडो जिवंत टॅरंटुला अमेरिकेत पाठवत होता, काही तर रंगीत स्ट्रॉमध्ये भरून. त्यात मेक्सिकोचे रेड नीही होते.

आणि इकडचं दारही आता लागलंय. २०१९ साली जिनिव्हाच्या साइट्स परिषदेत पिसिलोथेरियाच्या सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात गेल्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीनं साइट्सच्या यादीतले प्राणी आपल्या कायद्याच्या कक्षेत आले. ह्याच निळ्याचा चुलतभाऊ, पिसिलोथेरिया रेगॅलिस, सह्याद्रीतल्या ढोल्यांतही राहतो. ट्रेकला दिसलाच तर टॉर्च बाजूला करा, दोन मिनिटं बघा आणि चालू लागा. फोटोसोबत जागेचा नेमका पत्ताही टाकू नका.

एवढं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की "अनुभवानुसार कोळी निवडा" ह्या सल्ल्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र बांधलेत. पहिला प्रश्न, तुमच्या चुका कोळी किती सहन करेल? दुसरा, कोळ्याच्या स्वभावाला तुम्ही किती पुराल?

रेड नी दोन्हीत पास. पण मार्टिनिक बेटावरचा व्हर्सिकलर घ्या. पिल्लू गडद निळं, मोठा झाल्यावर हिरवा-लाल, स्वभावानं गरीब, चावण्याची भीती जवळजवळ नाही. माणसाला सुरक्षित! पण कोळ्याचे हाल. हा उष्ण, दमट बेटावरचा म्हणून जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की पेटी ओलसर ठेवा. लोकांनी डबे बंद केले, पाणी शिंपडलं, आणि पिल्लं पटापट मेली. दमट जंगलातही झाडावर वारा असतो, हे ध्यानात यायला फार पिल्लं खर्ची पडली. आता सांगतात, हवा खेळू द्या आणि एक वाटी पाणी ठेवा, बास.

पिसिलोथेरिया बरोबर उलट. ते चिवट असतात, भराभर वाढतात, तुमच्या चुका सहज पचवतात. प्रश्न तुमचा आहे. झाकण उघडलं आणि तो क्षणात हातावरून खांद्यावर गेला तर? ह्यांच्या चाव्यानं माणूस मेल्याची नोंद नाही. पण २०१४ साली छापून आलेल्या एका आढाव्यात चावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना स्नायूंचे जबरदस्त पेटके आले होते, तेही काही तास उलटल्यावर, आणि काहींना ते दिवसेंदिवस येत राहिले. त्यात घरात १५ वर्षांचा मुलगा आणि दाराबाहेर उभी असलेली ताई.

म्हणून भाच्याला मी मेल लिहिला. त्यातलं थोडं इथे देतो, कुणाला उपयोगी पडेल:

१. पहिला कोळी अमेरिका खंडातला, जमिनीवर राहणारा, संथ घे. रेड नी, कर्ली हेअर, किंवा पॅराग्वे-अर्जेंटिनाकडचा चाको गोल्डन नी. केस झटकेल हे गृहीत धर. पेटीत तोंड खुपसायचं नाही, साफ करताना चष्मा, नंतर हात धुवायचे.

२. पेटी बुटकी हवी. ह्यांचं पोट पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं असतं. फूटभर उंचीवरून पडला तरी फुटून मरू शकतो. म्हणून हातावर घेऊन मित्रांना दाखवायचंही नाही. त्याला त्यात काडीचा आनंद नसतो.

३. झाडावरचे कोळी नंतर. आशिया-आफ्रिकेतले त्याच्याही नंतर. निदान दोन-तीन वर्षं एक कोळी न दचकता सांभाळल्यावर.

४. विकणाऱ्याला विचार, हा कुठे जन्मला? पैदास कुणी केली? नीट उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेव. मोठा कोळी स्वस्तात मिळत असेल तर जास्तच संशय घे. सात-आठ वर्षं खाऊ घालून कुणी तो स्वस्तात का विकेल?

५. मादी निघाली तर ती वीस वर्षं जगेल. तू पस्तीस वर्षांचा असशील. मधे कॉलेज, नोकरी, दुसरं शहर, कदाचित दुसरा देश. ती कुणाकडे असेल हे आत्ता ठरव.

मला वाटलं होतं, पाचव्या मुद्द्यावर गडी गळेल. त्याचं उलटटपाली उत्तर आलं, "आईकडे." ताईला विचारलं होतं का? नव्हतं. मग घरात जे काय झालं ते मी इथे लिहीत नाही. शेवटी ठरलं असं की रविवारची साफसफाई त्याची, तो बाहेरगावी गेला तर पाणी आई घालेल, झाकण न काढता बाजूच्या छोट्या खिडकीतून. आणि निळ्याचा विषय तो १८ वर्षांचा होईपर्यंत बंद.

डिसेंबरमध्ये त्यानं कर्ली हेअर घेतला. नखाएवढं पिल्लू, एका हौशी माणसाकडे जन्मलेलं. मूळ जात कोस्टा रिका-निकाराग्वाकडची. तिच्या नावाचाही किस्सा आहे. २०२० पर्यंत ही रेड नीच्याच प्रजातीत होती, मग मेक्सिकोच्या संशोधकांनी तिला वेगळी काढून टिल्टोकॅटल नाव दिलं. त्याच संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं होतं की जगभर "स्मिथी" म्हणून विकला गेलेला रेड नी बहुतांशी स्मिथी नव्हताच. तो नदीपलीकडचा हमोरी. म्हणजे इतकी वर्षं ज्याच्या नावानं परवाने मागितले, तोच भलता! आमच्याकडेही व्हेरिएबलला चुकीचं नाव पडलं की असंच वर्षानुवर्षं चालतं.

गुत्तीचा कोळी मिळाला नाही म्हणून भाच्यानं ह्याचं नाव "मुरारराव" ठेवलं. मादी आहे की नर, हे अजून कळायचंय. कळलं की बघू.

फेब्रुवारीत एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना ताईचे लागोपाठ तीन फोन. बाहेर येऊन घेतला. कुजबुजत म्हणाली, "अरे, तो उताणा पडलाय. पाय वर करून. हलत नाही. मेला वाटतं. पोराला शाळेतून आल्यावर काय सांगू?"

"हात लावलास का?"

"वेडा आहेस का? मी दारातूनच बघतेय."

"मग लावूच नकोस. तो कात टाकतोय. तेव्हा ते असेच उताणे पडतात." नवशिक्यांनी असे जिवंत कोळी मेले म्हणून फेकून दिल्याचं मी वाचलं होतं. "पेटीत एखादा जिवंत किडा राहिलाय का बघ. असला तर पोराला लगेच सांगावं लागेल, तो त्याला कुरतडू शकतो."

"म्हणजे जवळ जाऊन बघू?"

"हो."

फोन चालूच होता. पावलांचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

"किडा नाहीये," ताई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "अरे, पाय हलवतोय. एकेक काढतोय बाहेर. पांढरे आहेत."

मीटिंग बुडाली. तास-दीड तास मी पुण्यात पार्किंगमध्ये आणि ती रेडिंगला त्या पेटीपाशी, मधे फोन. तिनं खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज मला आला होता, पण मी काही बोललो नाही.